एटापल्ली-सिरोंच्याची हद्द आणि हक्काचीं मापें

जुन्या चांदा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अरण्याचा इतिहास आजवर बहुधा तीन प्रकरणांत सांगण्यांत येतो : चांद्याचे गोंड राजे, नागपूरकर भोसले आणि इंग्रज. राजधानींत बसून पाहणाऱ्यास हा क्रम सोयीचा आहे. परंतु एटापल्लीच्या रानांत उभें राहून मागें पाहिलें असतां राज्यें कोणाचीं झालीं ह्यापेक्षां निराळाच प्रश्न पुढें येतो. तो असा कीं, ह्या भूमीवर ज्यानें ज्यानें हक्क सांगितला, त्यानें तो कोणत्या मापानें सांगितला? कोणी घराण्याच्या जुनेपणानें सांगितला, कोणी तहाच्या कलमानें, कोणी भाषेनें, कोणी जिल्ह्याच्या नकाशानें. प्रस्तुत लेखांत ह्या मापांचीच परीक्षा करण्याचें योजिलें आहे. कारण सीमेचे वाद आपणां मराठी लोकांस नवे नाहींत, आणि एका सीमेवर आपण जें माप उचलून धरतों, तेंच दुसऱ्या सीमेवर आपणांस कितपत मानवेल, हें पाहण्यास एटापल्ली व सिरोंचा ह्यांसारखी दुसरी जागा नाहीं.

प्रथम स्थळ पाहूं. एटापल्लीचा मुलूख बांडिया नदीच्या दोहों अंगांस पसरलेला असून दक्षिणेस भामरागडाकडे, पश्चिमेस अहेरी-आलापल्लीकडे आणि पूर्वेस आतांच्या छत्तीसगड राज्याकडे उतरत जातो. गट्टा, जारावंडी, कसनसूर, हालेवारा हीं त्यांतील मोठीं गांवें. सूरजागडचा डोंगर ह्याच मुलुखांत आहे. पूर्वीं हा सर्व प्रदेश अहेरीच्या जमीनदारींत मोडे. ही जमीनदारी अडीच हजार चौरस मैलांहून मोठी असून बहुतेक अरण्यमय होती व तिचा समावेश सिरोंचा तहशिलींत होता. ता. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. त्याचें क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. हा आकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

गांवांच्या नांवांकडे पाहिलें तर एटापल्ली, आलापल्ली, अडपल्ली, मोलमपल्ली ह्या सर्वांच्या शेवटीं 'पल्ली' आहे, आणि तेलुगूंत पल्ली म्हणजे गांव. एवढ्यावरून हा मुलूख तेलुगू लोकांचा, असें कोणी म्हणेल. परंतु ज्यांचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या येथें नांदले ते माडिया लोक गोंडीची एक बोली बोलतात. ती द्राविड कुळांतील असल्यामुळें मराठीपेक्षां तेलुगूस जवळची असली तरी ती तेलुगू नव्हे. कागदोपत्रीं गांवाचें नांव लिहिणारा जो कारकून असेल, त्याच्या जिभेवर बसेल तसें तें लिहिलें जातें. नांवांच्या शेपटांवरून मुलखाची मालकी ठरविण्याची हौस आपल्याकडील अभ्यासकांसही पुष्कळ आहे. तीस येथें आवर घातलेला बरा.

चांद्याचें गोंड राज्य इ. स. १७५१ त रघूजी भोसल्यांच्या हातीं गेलें. भोसल्यांचा अंमल किल्ल्यांत व बाजारपेठांत होता; डोंगरांत तो वसुलीच्या वेळेपुरताच पोहोंचत असे. तो कितपत गोड वाटत होता ह्याची साक्ष एटापल्लीच्या पूर्वेस लागूनच असलेल्या परळकोटच्या जमीनदारींत मिळते. तेथें १८२५ त गेंदसिंह ह्याच्या पुढारीपणाखालीं अबुझमाडांतील लोक उठले. तो उठाव मराठे व इंग्रज ह्या दोघांच्याही विरुद्ध होता, आणि गेंदसिंहास त्याच्याच वाड्यासमोर फांशीं देण्यांत आलें. मराठ्यांचा इतिहास लिहितांना हें प्रकरण आपण सहसा घेत नाहीं, घ्यावयास पाहिजे.

नागपूरचें राज्य १८५३ त खालसा झालें व पुढील वर्षीं चांदा जिल्हा इंग्रजांच्या हाताखालीं आला. त्यानंतर चारच वर्षांनीं मोलमपल्लीचा बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव ह्यांनीं बंड उभारलें. मार्च १८५८ त राजगड परगण्यावर त्यांनीं हल्ला केला, ता. २९ एप्रिल रोजीं प्राणहितेच्या कांठीं चुंचगुंडी येथें तारायंत्राच्या कामावर असलेल्या गार्टलंड व हॉल ह्या दोघां गोऱ्यांस ठार केलें. ह्या बंडास 'गोंडांचें बंड' म्हणण्याची वहिवाट पडली आहे. परंतु बाबूरावास पकडून देणारी कोण? अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई. तीही गोंडच. ता. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास बाबूरावास फांशीं दिलें. व्यंकटराव बस्तरांत पळाला, १८६० त सांपडला व जन्मठेपेस गेला. आणि त्याच्या अडपल्ली-घोटच्या जमीनदारींतील ६७ गांवें लक्ष्मीबाईस बक्षीस मिळालीं. बंडाच्या दोन्ही अंगांस एकाच जातीचीं, एकमेकांस ओळखणारीं घराणीं उभीं होतीं. त्यांच्यांतील तेढीचें मूळ जातींत शोधूं जाणारास तें सांपडणार नाहीं. तें ६७ गांवांच्या यादींत सांपडतें. ज्या रयतेचीं तीं गांवें, तिच्या दृष्टीनें वसूल घेणारा हात तेवढा बदलला.

आतां हद्दीचें मुख्य प्रकरण. डिसेंबर १८६० त इंग्रज व निजाम ह्यांच्यामध्यें तह झाला. निजामास नळदुर्ग व रायचूर दुआब हे प्रांत परत मिळाले, पन्नास लाखांचें कर्ज माफ झालें, सुरापूरचें संस्थान मिळालें. आणि त्याच्या बदल्यांत गोदावरी व वैनगंगा ह्यांच्या डाव्या तीरावरील मुलूख त्यानें इंग्रजांस दिला. इंग्रजांचें लक्ष्य येथील रानापेक्षां नदीवर होतें. गोदावरींतून नावा वर आणून वऱ्हाड-नागपूरचा कापूस समुद्रास पोहोंचवावयाचा, हा त्या काळचा मोठा बेत. त्यासाठीं खडकांच्या अडथळ्यांना बगल देणारे कालवे व बांध घालण्याचें काम कर्नल हेग ह्याच्या देखरेखीखालीं चाललें होतें. नदीकांठच्या ह्या पट्ट्याचा अपर गोदावरी नांवाचा जिल्हा करून त्याचें ठाणें सिरोंच्यास ठेवण्यांत आलें. पुढें आगगाडी आली, खर्च हाताबाहेर गेला, आणि १८७१ त काम सोडून दिलें. नदीसाठीं केलेला जिल्हा नदीचा बेत फसल्यावर निरुपयोगी झाला. १८७४ त तो मोडला. भद्राचलम् व राकापल्ली हे तालुके मद्रास इलाख्यास गेले व सिरोंचा, नुगूर, अल्बका, चेर्ला हे चांदा जिल्ह्यास जोडले गेले. पुन्हां १९०९ च्या सुमारास नुगूर, अल्बका व चेर्ला हे तीन तालुके मद्रासकडे वळते झाले, आणि सिरोंचा तेवढें मध्यप्रांतांत राहिलें.

ह्या उलाढालीकडे बारकाईनें पाहिलें पाहिजे. मद्रासकडे गेलेल्या तीन तालुक्यांत तेलुगू चालत होती म्हणून ते गेले असें म्हणावें, तर सिरोंच्यांतही तीच चालत होती. आजही त्या गांवच्या बाजारांत तेलुगू ऐकूं येते. जुन्या राज्यसत्तेचें माप म्हणावें, तर हे चारही तालुके एकाच तहानें निजामाकडून आले होते. नदीचें माप म्हणावें, तर सर्व एकाच कांठावर. म्हणजे कोणतेंही एक माप शेवटपर्यंत लाविलेलें नाहीं. आणि चारही तालुक्यांच्या रानांत राहणारे कोया, माडिया व गोंड हे ज्या हिशेबांत यावयास पाहिजेत, तो हिशेब तर मांडलाच गेला नाहीं.

येथें युरोपांतील एका तंट्याची तुलना उपयोगीं पडेल. बाल्कन द्वीपकल्पांत कोसोवो नांवाचा प्रदेश आहे. क्षेत्रफळ १०,८८७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एकट्या गडचिरोली जिल्ह्याहूनही लहान. सर्ब व आल्बेनियन हे दोन समाज त्यासाठीं शतकाहून अधिक काळ झगडत आले. सर्बांचें माप इतिहासाचें : १३८९ त कोसोवोच्या मैदानावर त्यांचा राजा लाझार तुर्कांशीं लढतां लढतां पडला व सुलतान मुरादही त्याच दिवशीं मेला, त्यांच्या धर्मपीठाचें ठाणें पेच येथें होतें, ग्राचानित्सा व देचानी येथील चौदाव्या शतकांतले मठ अद्याप उभे आहेत. आल्बेनियनांचें माप वस्तीचें : आज तेथें बहुसंख्य तेच आहेत. हें वैर अनादि आहे असें दोन्ही पक्ष सांगतात. परंतु १३८९ च्या लढाईंत लाझारच्या बाजूस आल्बेनियन सरदारही होते असें बहुतेक इतिहासकार मानतात. वैरास खरी धार १८७७-७८ त आली. त्या युद्धांत सर्बियानें निश व तोप्लित्सा हा प्रदेश घेतला, आणि तेथून हांकललेले हजारों आल्बेनियन कोसोवोंत येऊन राहिले. त्याच वर्षीं प्रिझ्रेन येथें आल्बेनियनांनीं आपला संघ स्थापिला. १९१२ त सर्बियानें कोसोवो जिंकला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत सरकारनें तेथें सर्ब वसाहतवाल्यांस जमिनी दिल्या. १९४१ नंतर त्यांस हांकलण्यांत आलें. १९७४ त मिळालेली स्वायत्तता १९८९ त काढून घेतली गेली. १९९९ त आठ लाखांहून अधिक आल्बेनियन देशोधडीस लागले, आणि त्याच वर्षीं ते परतल्यावर सर्बांवर व इतर अल्पसंख्यांवर तीच पाळी आली. ता. १७ फेब्रुवारी २००८ रोजीं कोसोवोनें स्वातंत्र्य जाहीर केलें. हिंदुस्थानानें त्यास मान्यता दिलेली नाहीं. ह्या सगळ्या साखळींत प्रत्येक दुव्यापाशीं हिरावलेली किंवा वांटलेली जमीन आढळते.

मापांची गंमत तर पुढेंच आहे. कोसोवोच्या उत्तरेकडील मित्रोवित्साच्या बाजूस चार नगरपालिकांत सर्ब बहुसंख्य. तेथें सर्ब इतिहास बाजूला ठेवून वस्तीचें माप पुढें करतात. आणि आल्बेनियन, ज्यांचा सर्व दावा वस्तीवर उभा, ते मात्र प्रदेशाची जुनी हद्द अभंग आहे असें सांगतात. उलट सर्बियांतील प्रेशेवोच्या खोऱ्यांत आल्बेनियन बहुसंख्य आहेत; तेथें दोघेही आपापलीं मापें पुन्हां बदलून घेतात. हें वाचून आपण हंसूं नये. आपल्या घरचा हिशेब फारसा वेगळा नाहीं.

राज्यपुनर्रचना आयोगानें १९५५ त अहवाल दिला, त्यांत हद्दी ठरवितांना सामान्यतः जिल्हा हें माप धरलें. त्या मापानें चंदगड तालुका वगळून बेळगांव जिल्हा म्हैसूर राज्यांत गेला. महाराष्ट्राचें म्हणणें तेव्हांपासून असें कीं, जिल्हा हें माप खोटें. खेडें हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा हीं खरीं मापें. पाटसकर ह्यांनीं आंध्र-मद्रास सीमेसाठीं १९५७ त हींच तत्त्वें बव्हंशीं लाविलीं होतीं. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्रानें ह्याच कारणास्तव नाकारला, २००४ त सर्वोच्च न्यायालयांत दावा लाविला, आणि डिसेंबर २०२२ त विधिमंडळानें ८६५ गांवांविषयीं ठराव केला. प्रस्तुत लेखकाच्या मतें खेडें हा घटक धरणें हेंच न्यायाचें आहे. परंतु तें मान्य केल्यावर त्याचा विस्तार सिरोंच्यापर्यंत नेण्याचें धैर्य पाहिजे. कारण १९५६ त चांदा जिल्हा विदर्भाबरोबर अखंड मुंबई राज्यांत आला व त्यांतील तेलुगू गांवेंही महाराष्ट्रांत राहिलीं, तीं केवळ जिल्हा ह्या मापाच्या आधारावर. बेळगांवास जें माप आपण अन्यायाचें म्हणतों, त्याच मापानें सिरोंचा आपल्याकडे आहे. आणि त्याच वर्षीं शेजारचा आदिलाबाद जिल्हा मात्र तालुकेवार फोडण्यांत आला : किनवट व राजुरा हे भाग महाराष्ट्राकडे आले. राजुरा आधीं नांदेडांत होतें, १९५९ त चांद्यास जोडलें. एकाच वर्षीं, एकाच नदीच्या दोन कांठांस, दोन निरनिराळीं मापें.

सिरोंच्याच्या तेलुगू भाषकांनीं ह्यावरून रक्तपात केला नाहीं. मुलें मराठी शाळेंत घातलीं, सोयरिकी नदीपलीकडे ठेविल्या, आणि व्यवहार दोन्ही भाषांत चालविला. ह्याचें श्रेय त्यांच्या शहाणपणास द्यावें तितकेंच येथील परिस्थितीसही द्यावें लागेल. हद्द बदलल्यामुळें त्यांच्यापैकीं कोणाच्या बुडाखालची जमीन काढून दुसऱ्यास दिली गेली नाहीं. जेथें ती दिली गेली, तेथचा इतिहास वेगळा आहे. आणि तो पाहण्यासाठीं प्राणहिता ओलांडून आदिलाबादेंत गेलें कीं पुरे.

आदिलाबादच्या डोंगरांत निजामाच्या जंगलखात्यानें राखीव जंगलांच्या नांवाखालीं गोंडांचीं गांवें उठविलीं; तेव्हां कोमराम भीम ह्यानें बंड केलें व १९४० त जोडेघाट येथें तो मारला गेला. त्यानंतर सरकारनें मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ ह्यांस नेमून गोंडांस जमिनीचे पट्टे दिले. परंतु रस्ते झाले, कापसास भाव आला, तसे महाराष्ट्रांतून शेतकरी व लंबाडा, म्हणजे आपल्याकडील बंजारा, तेथें येऊन वसूं लागले. १९७६ च्या कायद्यानें तेलंगणांतील लंबाडांस अनुसूचित जमातींत घेण्यांत आलें, महाराष्ट्रांत मात्र बंजारा विमुक्त व भटक्या जमातींतच राहिले. म्हणजे हद्दीची रेघ ओलांडतांच मनुष्याची जमात बदलूं लागली आणि ह्या ओघास जोर चढला. ता. २० एप्रिल १९८१ रोजीं इंद्रवेल्ली येथें गोंडांच्या सभेवर पोलिसांनीं गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणें १३ जण मेले. १९१७ नव्हे, अगदीं २०१७ च्या अखेरीसही ह्याच जिल्ह्यांत गोंड व लंबाडा ह्यांच्यामध्यें दंगे झाले. गोंड व बंजारा ह्यांचें कांहीं पुराणवैर नाहीं; बंजाऱ्यांचे तांडे व गोंडांचे बाजार ह्यांचा व्यवहार पिढ्यान् पिढ्यांचा. त्यांच्यांत वैर पेरलें तें पट्ट्याच्या कागदानें व रेघेनें.

त्याच रेघेवर, राजुऱ्यापासून पुढें निराळ्या झालेल्या जिवती तालुक्यांत, चौदा गांवें अशीं आहेत कीं त्यांवर महाराष्ट्र व तेलंगण दोघेही हक्क सांगत आले. तेथें वर्षानुवर्षें दोन राज्यांचीं मतदानकेंद्रें, दोन राज्यांच्या शिधापत्रिका, कित्येक ठिकाणीं दोन शाळा. तेथील लोकांत मराठी बोलणारे पुष्कळ आहेत. जुलै २०२५ त महाराष्ट्र सरकारनें हीं गांवें आपल्या जिल्ह्यांत घेण्याचें जाहीर केलें, तें ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस बरें वाटलें, मलाही वाटलें. पण त्या गांवांस विचारावयाचा मुख्य प्रश्न जमिनीच्या पट्ट्याचा आहे.

आतां पुन्हां एटापल्लीकडे वळूं. माडिया लोकांजवळ शिलालेख नाहींत, सनदा नाहींत. त्यांच्या वस्तीबाहेर मृतांच्या नांवें उभे केलेले अनगड दगड आहेत, त्यांवर एकही अक्षर नाहीं. परंतु त्यांच्याजवळ हद्द नव्हती असें नाहीं. ग्रिगसन ह्यानें १९३८ त प्रसिद्ध केलेल्या बस्तरच्या माडियांवरील ग्रंथांत कुळीची भूम म्हणजे काय तें नीट सांगितलें आहे : अमुक ओढ्यापासून अमुक टेकडीपर्यंतची जमीन अमुक कुळीच्या देवाची, तीवर पेंदा, म्हणजे झाडी तोडून, जाळून करावयाची फिरती शेती, कोणी कोठें करावी हें गायत्यानें सांगावयाचें. ह्या मापांत विक्री बसत नाहीं, गहाण बसत नाहीं, आणि राज्याची हद्दही बसत नाहीं. कारण एकाच कुळीचे लोक बांडियेच्या कांठीं महाराष्ट्रांत आणि डोंगर उतरतांच छत्तीसगडांत आहेत.

अहेरीच्या जमीनदारानें ह्या भूमीवर वसूल घेतला तो सनदेच्या मापानें. ता. ३१ मार्च १९५१ पासून मध्यप्रदेशच्या कायद्यानें जमीनदाऱ्या गेल्या व तेंच रान सरकारचें झालें. माडियाच्या हातीं ह्या बदलानें काय आलें? गायत्याचा शब्द पूर्वीं जमीनदाराच्या कारकुनानें ऐकला नव्हता, पुढें जंगलखात्याच्या राखणदारानें ऐकला नाहीं. वस्तीचें माप कायद्यानें मानलें तें फार उशीरां : १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा. ह्याच गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) ह्या गांवास २००९ त सामूहिक वनहक्क मिळाला. देशांत असा हक्क मिळविणाऱ्या अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना होते. त्याच सुमारास, २००७ त, एटापल्लीच्या सूरजागड डोंगरावरील लोहखनिजाचा पट्टा देण्यांत आला. त्या डोंगरावर ठाकुरदेवाचें ठाणें असून जानेवारींत तेथें आसपासच्या इलाख्याची जत्रा भरते. खाणीसाठीं आलेलीं ऐंशींच्या सुमारास वाहनें नक्षलवाद्यांनीं डिसेंबर २०१६ त जाळलीं. २०२१ पासून खाण पुन्हां चालूं झाली. एका बाजूस खनिजाचा पट्टा, दुसऱ्या बाजूस ठाकुरदेवाची भूम, आणि मधल्या मधें बंदुका घेतलेले दोन पक्ष : अशा स्थितींत ग्रामसभेचा ठराव किती मोकळेपणानें झाला असेल, ह्याचा विचार पुढच्या इतिहासकारास करावा लागेल. लोहाची किंमत बाजारांत ठरते. देवाच्या डोंगराची कोठें ठरवावयाची?

आपल्या मंडळाच्या दृष्टीनें ह्यांतून एक काम निघतें, आणि तें लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें गोळा करतांना आपण देशमुख-देशपांड्यांचे वाडे, देवळांचे पुजारी, महालांचीं दप्तरें हीं सर्व धुंडाळलीं. वतनाच्या तंट्यांत हद्दीच्या साक्षी देण्यासाठीं गोतसभेपुढें म्हातारे महार कसे उभे राहत व डोक्यावर माती घेऊन शिंवेवरून कसे चालत, हें महजरांत वाचून त्या साक्षी आपण विश्वसनीय मानिल्या. एटापल्ली, भामरागड व गट्टा ह्या भागांतील गायते व पटेल ह्यांच्या तोंडची साक्ष त्याच जातीची आहे. कोणत्या कुळीची भूम कोठपर्यंत, कोणता ओढा कोणी कोणास दिला, जमीनदाराच्या वेळीं कोणतें गांव उठलें व कोठें बसलें, कोणत्या दगडाखालीं कोण आहे, हें सर्व अद्याप सांगणारे आहेत. पण ते म्हातारे आहेत आणि माडियाखेरीज दुसरी भाषा त्यांस फारशी येत नाहीं. माडिया जाणणारे तरुण शिक्षक आतां त्या तालुक्यांत आहेत. त्यांस हाताशीं धरून प्रथम बांडियेच्या दोन्ही कांठांवरील गांवें, आणि मग छत्तीसगडांतील त्यांच्या कुळबंधूंचीं गांवें, अशा क्रमानें भूमींच्या सीमा माडियांत व मराठींत लिहून घ्याव्यात आणि त्या लेखांची एक प्रत त्या त्या ग्रामसभेच्या स्वाधीन करावी.